पहिल्या माशाची सुरी

मर्टल त्या लॉजवर कधी होडीनं गेली नाही आणि विमानानंही गेली नाही. ती स्वयंपाकघरात बसून जायची, कारण स्वयंपाकघरच तिकडे जायचं.

ड्रेपर खाडीतलं ते लॉज म्हणजे देवदाराच्या जाडजूड ओंडक्यांच्या तराफ्यांवर उभी केलेली लाकडी घरं. हिवाळाभर ती गावच्या बंदराआड बांधून ठेवायची आणि मे उजाडला की टग, म्हणजे ओढणारी बोट, लावून, एकामागून एक अशी माळ करून, ओढत खाडीच्या तोंडाशी न्यायची. बाकीची मंडळी मागाहून यायची. मर्टल मात्र चूल पेटवून आत ठाण मांडून बसायची. घर समुद्रावरून चाललंय, खिडकीतून डोंगर सरकताहेत, आणि ही बाई पाव भाजतेय. टगवरचे खलाशी म्हणे त्या पावासाठीच हे काम घ्यायचे. मर्टलला हे कुणी सांगितलं की ती म्हणायची, "पावासाठी नाही, माझ्या शिव्यांसाठी येतात. घरी बायका घाबरून देत नाहीत ना."

बोलणं असं. पाहुणा कितीही मोठा असो, कुठल्या कंपनीचा मालक असो, ओल्या बुटांनी स्वयंपाकघरात आला तर त्याची धडगत नसायची. आणि तोच पाहुणा थंडीनं काकडत परत आला तर त्याच्या हातात सुपाचा वाडगा आधी, शिव्या मागून. लॉजचा मालक आर्ने तिच्या हातचं खाऊन मोठा झालेला. त्याच्या वडलांनी लॉज उभारलं तेव्हापासून मर्टल तिथं होती. तो तिला मावशी म्हणायचा, आणि मालक असूनही तिला विचारल्याशिवाय बटाट्याचं पोतं हलवायचा नाही.

यंदाही ती तशीच निघाली. चूल पेटवली, पीठ मळलं आणि दारामागच्या खुंटीवर लायलचं हिरवं जाकीट अडकवलं. ते दर वर्षी त्याच खुंटीवर असायचं. फरक एवढाच, की दर वर्षी ते लायल स्वतः अडकवायचा.

लायल तिचा एकुलता एक मुलगा. उन्हाळ्यात लॉजवर पाहुण्यांना मासेमारीला घेऊन जायचा, हिवाळ्यात स्वतःसाठी खेकडे धरायचा. नोव्हेंबरात एका सकाळी पिंजरे उचलायला गेला आणि दुपारी आग्नेयेचा वारा सुटला. दुसऱ्या दिवशी होडी सापडली, उपडी. लायल सापडला नाही. गावातली झाडून सगळी माणसं आपापल्या होड्या घेऊन किनारे धुंडाळत राहिली, बर्फ पडायला लागला तरी धुंडाळत राहिली. मग एके दिवशी म्हाताऱ्यांनी सांगितलं, आता पुरे.

गाव थांबलं. मर्टल थांबली नाही. तिनं हिवाळाभर जेवणाच्या टेबलावर लायलचं ताट मांडलं. गेलेल्या माणसाचे कपडे आणि त्याच्या आवडीचं जेवण किनाऱ्यावर जाळून त्याला पोचवायची रीत आहे. त्यासाठी चार बाया घरी आल्या तेव्हा ती त्याच्या खोलीच्या दारात हात पसरून उभी राहिली. "मुलगा परत आला की काय घालू त्याला? तुमचे परकर?" असं म्हणाली. बाया परत गेल्या.

लायलच्या बायकोनं, कॉरिननं, तसं केलं नाही. तिचे केस कमरेपर्यंत होते. ज्या दिवशी शोध थांबला त्या दिवशी तिनं ते मानेवर कापले, गावात घरातलं माणूस गेलेली बाई कापते तसे. त्या दिवसापासून सासू तिच्याशी धड बोलली नाही.

गाव त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांचं, आणि त्यांचा नियम जुना आहे, साधा आहे. ज्या घरातलं माणूस गेलं, त्याच्या आईबापांनी आणि जोडीदारानं वर्षभर ताज्या सॅमन माशाला हात लावायचा नाही, तो खायचा नाही, कुणी कापत असेल तर जवळ उभंही राहायचं नाही. मासा फार लांबून दमून येतो, त्याच्यापुढे रडतं तोंड घेऊन जाऊ नये, एवढंच कारण म्हातारी माणसं सांगतात. आणि मोसमातला पहिला सॅमन तर पाहुण्यासारखाच. त्याला आपल्या भाषेत ये म्हणायचं, नीट कापायचा, सगळ्यांनी थोडा थोडा खायचा आणि त्याचं एकूण एक हाड परत पाण्यात सोडायचं, म्हणजे तो पुन्हा सबंध होऊन आपल्या माणसांत जातो. लॉजवर हे सगळं मर्टल करायची. तिच्या आजीनं तिला शिकवलं होतं. ते झाल्याशिवाय मोसम उघडला असं कुणी म्हणत नसे, आर्नेसुद्धा नाही, त्याचे आजोबा नॉर्वेतून आलेले असले तरी.

म्हणून गावानं रूफसला पाठवलं. रूफस मर्टलचा धाकटा दीर. लॉजवरचा सगळ्यात जुना गाइड, गडी चांगला पहाडासारखा, पण वहिनीपुढे त्याचं मांजर व्हायचं. तराफे खाडीत बांधून झाले, तशी त्यानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन टोपी काढली.

"वहिनी, जरा बोलायचं होतं."

"मग बोल की. का कॉफी प्यायला आलायस?"

"दोन्ही."

"कॉफी संपलीय."

कॉफी चुलीवर उकळत होती. रूफसनं तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

"म्हातारी माणसं म्हणताहेत, यंदाचा पहिला मासा दुसऱ्या कुणी कापला तर बरं."

"का? माझ्या हाताला काय झालंय?"

"हाताचं नाही गं."

"मग माझ्या घरात काही झालंय का?" मर्टलनं पिठाचे हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "बोल ना. तू बघितलंस? कुणी बघितलं? तुम्ही होडी बघितलीत. होडी म्हणजे माझा मुलगा नव्हे."

त्या उपड्या होडीला ओढून आणायचा पहिला दोर रूफसनंच लावला होता. तो पुतण्या त्याच्या हाताखाली गाइड झाला होता, पहिली गाठ मारायला त्यानंच शिकवली होती. हे सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि मर्टलला ते बघायचं नव्हतं म्हणून तिनं मागे वळून चुलीत लाकूड घातलं.

"मासा मीच कापणार. जा, सांग त्यांना. आणि दुसरं कोण कापणार रे? तू? मागल्या खेपेला तू हॅलिबट कापलास तेव्हा तो मासा आहे का फाटकं पोतं हे मला वळून वळून बघावं लागलं."

रूफस हसला, कारण हसणं सोपं होतं. तिनं त्याला कॉफी दिली. तो ती उभ्यानंच प्यायला आणि निघून गेला.

मर्टल काही अडाणी हट्टानं बोलत नव्हती. तिला नियम ठाऊक होता. गावात कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होता. म्हणूनच तर ती सुरी सोडत नव्हती. सुरी खाली ठेवली की ती मुलगा गेलेली बाई होणार होती. जोवर तिच्या हातात सुरी आहे तोवर तिच्या घरात काही झालेलं नाही, आणि काही झालेलं नाही तर लायल कुठेतरी आहे. हे गणित तिनं हिवाळाभर घट्ट धरून ठेवलं होतं. ते चुकतंय हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं.

पहिलं विमान पाण्यावर उतरलं त्यात ब्रॅडॉक नवराबायको होती. कॅल्गरीची म्हातारी जोडी, दर वर्षी मोसमाच्या पहिल्या आठवड्यात यायची आणि दर वर्षी लायलच्याच होडीत बसायची. ब्रॅडॉकबाई उतरली ती पिशवीत हात घालतच.

"मर्टलबाई, तुमचा मुलगा कुठाय? गेल्या वर्षी कान गार पडतात म्हणून कुरकुरत होता. बघा, मी विणून आणलीय." लाल लोकरीची टोपी होती, कान झाकणारी, वर गोंडा लावलेली. "गोंडा नको म्हणेल, पण मी मुद्दाम लावला."

धक्क्यावर आर्नेनं विमानाची दोरी बांधण्यात इतकं लक्ष घातलं की जणू ती त्यानं पहिल्यांदाच पाहिली. चादरींचा ढीग घेऊन कॉरिन तिथूनच चालली होती. ती थांबली आणि सासूकडे बघत राहिली.

"उत्तरेला गेलाय कामाला," मर्टल म्हणाली. "आला की देईन."

"केव्हा येणार?"

"येईल की."

तिनं टोपी घेतली, आत नेली आणि हिरव्या जाकिटाच्या खिशात घातली. गोंडा बाहेर राहिला. कॉरिन चादरी घेऊन पुढे गेली, पण त्यातली एक तिच्या हातातून निसटून पाण्यात पडली आणि ती काढायला ती थांबली नाही.

मासे येईनात. रोज सकाळी रूफस आणि बाकीचे गाइड पाहुण्यांना घेऊन बाहेर पडत, गळाला हेरिंग माशाचे तुकडे लावून तासन्‌तास खाडीच्या तोंडाशी घिरट्या घालत, आणि संध्याकाळी हात हलवत परत येत. आर्ने पाहुण्यांना सांगायचा, यंदा पाणी थंड आहे. गाइड मान डोलवायचे. पण स्वयंपाकघरात शिरताना ते आता जास्तच हळू बोलायचे, आणि मर्टल आमिषाच्या बादलीजवळून गेली की त्यांच्यातला एखादा बादली उचलून दुसरीकडे ठेवायचा. तोंडानं कुणी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं. ही गप्प माणसं तिला चावत होती.

कॉरिन स्वयंपाकघरात येतच नसे. ती खोल्या झाडायची, चादरी धुवायची आणि जेवायच्या वेळी मागच्या तराफ्यावर, लाकडाच्या ढिगाशी बसून उकडलेले बटाटे आणि कडक बिस्किटं खायची. शोकातल्या माणसानं खायचं ते. एके दुपारी मर्टल लाकडं आणायला मागे गेली तेव्हा ती तशीच बसलेली होती, ताटली मांडीवर घेऊन. कापलेले केस मानेवर विस्कटले होते. मर्टलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बस, बस इथंच. सगळ्यांना दिसेल असं. नवरा मेला म्हणून दवंडी पीट."

कॉरिननं ताटली खाली ठेवली.

"मी कुणाला काही म्हटलं नाही, आई."

"केसच बोलताहेत की तुझे. सापडायच्या आधीच कापून मोकळी झालीस. एवढी घाई होती तुला?"

हे बोलू नये हे मर्टलला बोलतानाच कळलं, पण सुटलेली जीभ मागे घेता येत नाही. कॉरिन उठून उभी राहिली. ती मूळची अबोल मुलगी. लायल म्हणायचा, आमच्या घरात एकटी आईच सगळ्यांचं बोलून टाकते, मग ही काय बोलणार. पण आता ती बोलली.

"त्या दिवशी सकाळी मी त्याच्यासाठी थर्मास भरला होता. तो न्यायला विसरला. मी खिडकीतून हाक मारली, तर म्हणाला, राहू दे, दुपारी येतोच आहे. मी दुपारपासून वाट बघितली. तुमच्याइतकीच बघितली, आई. मग एक दिवस मला कळलं, की मी वाट बघत बसले तर त्याच्यासाठी रडणारं कुणी नाही." तिचा आवाज फुटला. "मी त्याला मारला नाही. मी त्याच्यासाठी रडते. एकटीच रडते. घरात तुम्ही त्याचं ताट मांडता आणि मला म्हणता, तोंड पूस, तो येईल. माझा नवरा गेला आणि माझ्याजवळ बसायला कुणी नाही. तुम्हीच बसायला हव्या होतात."

मर्टलनं एक लाकूड उचललं, दुसरं उचललं. हातभर लाकडं घेऊन ती आत गेली आणि चुलीत घालायची विसरली. बराच वेळ ती तशीच, लाकडं छातीशी धरून, खुंटीकडे बघत उभी होती. रात्रीच्या जेवणातलं सूप त्या दिवशी खारट झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर रूफसची होडी शिट्टी वाजवत आली. लांब, न तुटणारी शिट्टी. पहिला मासा.

सगळे पुढच्या तराफ्यावर जमले. मासा ब्रॅडॉकसाहेबाच्या गळाला लागला होता, पण म्हातारा शहाणा होता. त्यानं बढाई मारली नाही, फोटो मागितला नाही, इतक्या वर्षांत शिकला होता. टोपी काढून बाजूला उभा राहिला. रूफसनं मासा दोन्ही हातांवर उचलला, एखादं झोपलेलं मूल उचलावं तसा, आणि कापायच्या टेबलावर हिरव्या डहाळ्या पसरून त्यांवर ठेवला, तोंड खाडीला मिळणाऱ्या नदीच्या दिशेला करून. मोठा होता. पाठ काळीशार, कुशी चांदीच्या, आणि खवल्यांवर अजून समुद्र ओला होता.

रूफसनं सुरी स्वतःच्या हातात धरली आणि वहिनीकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मर्टल बाहेर आली होती, हात धुऊन, पांढरी होत चाललेली वेणी पाठीवर बांधून, दर वर्षी येते तशीच. तिनं त्याच्यासमोर हात पसरला. रूफसनं सुरी दिली. गाइडांपैकी एकानं मान खाली घातली. लांब, मागच्या तराफ्याच्या कोपऱ्याशी कॉरिन होती. ती पाठ वळवून निघून गेली, कारण तिला तिथं उभं राहायची परवानगी नव्हती.

मर्टल माशावर वाकली. आधी शब्द, मग सुरी. आजीनं शिकवलेले शब्द, त्यांच्या जुन्या भाषेतले, अगदी थोडे.

"आलास," ती म्हणाली. "दमला असशील. आम्ही तुझी वाट बघत होतो."

आणि पुढे तिला बोलता येईना.

पुढचे शब्द तिला येत नव्हते असं नाही. पुढचे शब्द होते, ये, घरी ये. पण हे सगळं तिनं हिवाळाभर म्हटलं होतं. खिडकीशी उभं राहून, भांडी घासताना, झोप लागत नसताना, ओठांतल्या ओठांत हेच म्हटलं होतं. आलास. दमला असशील. ते तिनं माशासाठी म्हटलं नव्हतं. आणि आता ते मोठ्यानं म्हटलं गेलं होतं, सगळ्यांसमोर, आणि समुद्रातून जो यायचा तो आला होता. तिच्यासमोर डहाळ्यांवर पडला होता. तो मासा होता. जे परत येतात ते मासे असतात.

सुरीचं टोक टेबलावर टकटकलं. रूफस एक पाऊल पुढे आला. तिनं त्याला थांब म्हणून हात केला. मग सुरी माशापासून दूर, टेबलाच्या कडेला ठेवली आणि दोन पावलं मागे सरली.

"रूफस, तू काप," ती म्हणाली. "माझ्या घरातलं माणूस गेलंय."

गावात शोक जाहीर करताना म्हणतात तेच हे वाक्य, पण तिनं ते इंग्रजीत म्हटलं होतं, पाहुण्यांनाही कळेल असं. ब्रॅडॉकबाईनं तोंडावर हात धरला. रूफसच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तो ते पुसायलाही विसरला.

"आता रडू नकोस, गाढवा, माशासमोर आहेस तू," मर्टल म्हणाली. "तोंड पूस. आणि कल्ल्यामागून सुरू कर, मधूनच नाही. हाडाला सुरी लागू देऊ नकोस." ती वळली आणि चालायला लागली. कोपऱ्यावरून वळताना पुन्हा ओरडली, "आणि पोतं करू नकोस त्याचं!"

मागच्या तराफ्यावर कॉरिन लाकडाच्या ढिगाशी बसली होती. सासूला येताना बघून ती उठायला लागली. मर्टलनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि स्वतः तिच्याजवळ बसली, अगदी खेटून. ही बाई बोलत नाही म्हटल्यावर कॉरिन घाबरलीच.

"आई?"

"कात्री आहे का तुझ्याकडे?"

कॉरिन आत गेली आणि चादरी शिवायची कात्री घेऊन आली. वेणी जाड होती, एका फटक्यात कापली जाईना. कापताना कॉरिनच रडत होती. वेणी मांडीवर पडली तेव्हा मर्टलनं ती हातात घेतली, आणि मग जे हिवाळाभर आलं नव्हतं ते आलं. ती मोठ्यानं, तोंड उघडून रडली, पुढच्या तराफ्यावर ऐकू जाईल इतकी. लायल, लायल, असं म्हणत रडली. कॉरिननं तिला धरून ठेवलं. त्यांना एकमेकींना धरायला इतके महिने लागले होते.

पुढे जेवणं झाली. रूफसनं भाजलेला मासा सगळ्यांना थोडा थोडा वाटला. मागे दोघी बिस्किटं चहात बुडवून खात होत्या. "दगड आहेत नुसते," मर्टल म्हणाली. "ही तू रोज खात होतीस?" कॉरिननं मान डोलावली. "मला सांगायचंस. चांगली भाजून दिली असती." मग तिच्या लक्षात आलं की आपण कधी विचारलंच नव्हतं, आणि तिनं सुनेच्या मांडीवर हात ठेवला.

ऊन अजून डोंगरावर होतं तेव्हा रूफस लहान होडी वल्हवत मागच्या बाजूला आला. पुढ्यात डहाळ्यांवर सगळी हाडं मांडलेली होती, डोक्यापासून शेपटीपर्यंत, एकही न हरवता. ती तिथंच सोडायची असतात, प्रवाह नदीकडे वळतो त्या जागी. दोघी त्याच्याकडे पाठ करून बसल्या. शोकातल्या माणसांनी बघायचं नसतं.

रूफस बोलायला लागला, अडखळला, पुन्हा सुरू केलं. गेली इतकी वर्षं हे काम वहिनीचं होतं. त्यानं कधी नीट ऐकलंच नव्हतं. शेवटी होडीतून हळूच आवाज आला.

"वहिनी, 'जा, तुझी माणसं वाट बघताहेत' च्या पुढे काय?"

रूफसला वाटलं ऐकू गेलं नाही.

"वहिनी?"

"म्हण," ती म्हणाली. पाठ न वळवता, समोरच्या लाकडाकडे बघत. "म्हण, 'आम्ही तुझं काही ठेवून घेतलेलं नाही.'"

"आम्ही तुझं काही ठेवून घेतलेलं नाही," रूफस म्हणाला.

"'जसा होतास तसा जा.'"

"जसा होतास तसा जा."

हाडं पाण्यात पडल्याचा आवाज झाला, थोडासाच. होडी परत गेली. मर्टल बसून राहिली. इतक्या वर्षांत किती वेळा हे शब्द म्हटले होते, आणि आजच ते तिच्याकडे वळून बघत होते. तिच्या खाटेखाली पेटी होती. पेटीत लायलचे सगळे शर्ट होते, लोकरीचे मोजे होते, लहानपणचे बूटसुद्धा होते. घरी त्याची खोली बंद होती. तिनं त्याचं सगळंच्या सगळं ठेवून घेतलं होतं. त्याला जायला एक जाकीटसुद्धा दिलं नव्हतं, आणि त्या पाण्यात इतकी थंडी.

"काठावर शेकोटी पेटव," ती कॉरिनला म्हणाली. "मोठी. आणि तुझा तो थर्मास आणलायस का बरोबर?"

कॉरिननं मान हलवली. आणला होता.

"मग भर. साखर जास्त घाल, त्याला लागते."

ती उठली आणि आत गेली. जेवणाच्या खोलीत पाहुणे अजून बसले होते. तिचे कापलेले केस बघून आर्ने खुर्चीवरून उठला, तिनं त्याला मानेनंच बस म्हटलं. पेटी काढली. लायलचं ताट वाढलं, बटाटे, पाव, आणि माशाचा शेवटचा तुकडा, जो तिच्याऐवजी आर्नेनं ताटात ठेवला, कारण तिला त्याला हात लावायचा नव्हता. मग ती दारामागच्या खुंटीशी गेली आणि हिरवं जाकीट काढलं. खिशातून लाल गोंडा डोकावत होता.

ब्रॅडॉकबाई समोरच बसली होती.

"बाई, तुमची टोपी द्यायची राहिली होती," मर्टल म्हणाली. "आज देते त्याला."